मेंदूची सफाई करणाऱ्या पेशी : एका कल्पनेचा इतिहास

बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत आणि तिच्या शेजारची पाम, कोलवडे, कुंभवली ही गावे यांच्या अलीकडच्या इतिहासात एक प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो. कारखान्यात काय तयार होते, हा तो प्रश्न नव्हे. तयार होताना जे उरते ते कोठे जाते, हा तो प्रश्न होय. सामुदायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, समुद्राकडे जाणारी वाहिनी, खाडीतील मासळी आणि २०१६ साली मच्छीमारांच्या वतीने राष्ट्रीय हरित अधिकरणापुढे गेलेले प्रकरण, ही सर्व त्या एकाच प्रश्नाची रूपे आहेत. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या अणुवीजकेंद्रालाही वापरून झालेल्या इंधनाच्या रूपाने तोच प्रश्न भेडसावत आला आहे. अखंड चालणाऱ्या कोणत्याही उद्योगाला उत्पादनाइतकीच उत्सर्जनाची व्यवस्था करावी लागते, ही गोष्ट या किनारपट्टीला निराळी सांगावयास नको.

शरीरविज्ञानाच्या इतिहासात मात्र मेंदूच्या बाबतीत हा प्रश्न आश्चर्य वाटावे इतक्या उशिरा विचारला गेला. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १,४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. परंतु विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा भाग हा एकटा अवयव घेतो. इतका चयापचय जेथे चालतो तेथे निरुपयोगी प्रथिने, झिजलेली पेशीपटले आणि मेलेल्या पेशींचे अवशेष साचणे अपरिहार्य आहे. इतर अवयवांत असा मळ लसीकावाहिन्यांतून वाहून जातो. मेंदूच्या प्रत्यक्ष द्रव्यात तर लसीकावाहिन्या नाहीत. मग हा मळ जातो कोठे?

या प्रश्नाला गेल्या दीडशे वर्षांत दोन प्रकारची उत्तरे मिळाली. एका उत्तरामागे मोरीचे चित्र होते : मेंदूभोवती आणि मेंदूतून झिरपणारा द्रव मळ धुऊन बाहेर नेतो. दुसऱ्या उत्तरामागे भक्षकाचे चित्र होते : विशिष्ट पेशी मळ गिळतात आणि पचवितात. दोन्ही उत्तरे आज बऱ्याच अंशी खरी ठरली आहेत. तथापि या इतिहासात एक तिसरी गोष्टही आहे. गिळणारी पेशी ही नेहमीच निरुपद्रवी सेवक नसते. कधी ती ज्याला गिळते त्याचेच घर बनते, तर कधी मळाबरोबर घराच्या भिंतीही पोखरते. ही तिसरी गोष्ट मुंबईच्या विकृतिशास्त्रज्ञांना पाश्चात्त्य प्रयोगशाळांतील बऱ्याच संशोधकांहून अधिक जवळून पाहावी लागली. त्याचे कारण त्यांच्या टेबलावर येणाऱ्या रोगांत होते.

आरंभ बर्लिनपासून करावा लागतो. मज्जापेशींच्या मधली जागा भरून काढणाऱ्या द्रव्याला रूडोल्फ फिरखो यांनी १८५६ साली ‘न्यूरोग्लिया’ हे नाव दिले. ‘ग्लिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ सरस किंवा चिकटवण. फिरखोंच्या दृष्टीने हे मज्जापेशींना जागच्या जागी धरून ठेवणारे लुकण होते. त्याला स्वतःचे कार्य असे काही नव्हते. नाव एकदा पडले की विचारही त्या नावाच्या खाचेतून वाहू लागतो, याचे विज्ञानाच्या इतिहासात याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल. येथे एक विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. बर्लिन शहराला भूमिगत मलनिःसारणाची व्यवस्था मिळावी म्हणून वर्षानुवर्षे झगडणाऱ्यांत फिरखो अग्रभागी होते. शहराच्या आरोग्याचा विचार गटारांवाचून करता येत नाही हे ज्यांना पुरते उमगले होते, त्यांनी मेंदूत मात्र केवळ लुकण पाहिले. आणि त्याच फिरखोंनी कुष्ठरोग्याच्या त्वचेतील फुगीर, फेसाळ पेशींचे वर्णन केले होते, ज्यांना ‘कुष्ठपेशी’ म्हणून आजही त्यांच्या नावाने ओळखतात. या पेशी म्हणजे कुष्ठजंतूंनी भरलेल्या भक्षकपेशी होत. पण हा अर्थ लागण्यास आणखी दोन शोध व्हावयाचे होते. कुष्ठजंतूचा शोध नॉर्वेत हान्सेन यांनी १८७३ साली लावला. दुसरा शोध सिसिलीत लागला.

१८८२ सालच्या अखेरीस मेसिना येथे एल्या मेच्निकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचे काटे खुपसून ठेवले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला दिसला. परक्या वस्तूला वेढून गिळणाऱ्या या पेशींना पुढे ‘फॅगोसाइट’, म्हणजे भक्षकपेशी, हे नाव मिळाले. शरीराचे संरक्षण रक्तद्रवातील पदार्थ करतात की पेशी करतात, हा वाद त्यानंतर पंचवीस वर्षे गाजला. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मेच्निकॉव्ह आणि पाउल एर्लिख या दोन पक्षांच्या धुरीणांना विभागून देण्यात आले, ते या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

मेच्निकॉव्ह यांचा मुंबईशी संबंध त्यांच्या शिष्याच्या द्वारे आला. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांच्या हाताखाली शिकलेले वाल्डेमार हाफकिन हे गुरूच्या मागोमाग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले, तेथे त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९३ साली ते हिंदुस्थानात आले. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस पोचले. ग्रँट वैद्यक महाविद्यालयात मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्याच वेळी नगरपालिका समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक आम्ल ओतून गटारे धूत होती, आणि उत्तरेकडे पालघर-बोईसरवरून जाणाऱ्या रेल्वेने तसेच घाटावरच्या गाड्यांनी लोक शहर सोडून जात होते. रोग घाणीतून उद्भवतो ही समजूत आणि रोग विशिष्ट जंतूमुळे होतो हा सिद्धान्त हे दोन्ही एकाच शहरात, एकाच महिन्यात, शेजारी शेजारी कामाला लागलेले होते. उंदरावरील पिसवांचा वाटा १८९८ साली सीमाँ यांनी सुचविला आणि पुढे परळच्या प्रयोगशाळेत लिस्टन प्रभृतींनी तो पक्का केला, तेव्हा गटारे धुण्याचा उत्साह काहीसा ओसरला. मोरी आणि भक्षक यांचा वाद असा मुंबईने प्रथम रस्त्यावर पाहिला.

मेच्निकॉव्ह यांचे आणखी एक मत येथे सांगितले पाहिजे, कारण ते त्यांच्या हयातीत फारसे कोणी मानले नाही. वार्धक्यात माणसाच्या मेंदूतील मज्जापेशी दुर्बळ झाल्या म्हणजे भक्षकपेशी त्यांनाच खाऊ लागतात आणि बुद्धिमांद्य येते, असे त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी प्रतिपादले. पुरावा अगदीच तोकडा होता. परंतु ज्याने भक्षकपेशीचे संरक्षक रूप जगाला दाखविले त्यालाच तिच्या संहारक रूपाची शंका प्रथम यावी, ही गोष्ट उपेक्षणीय नाही.

मेंदूतील भक्षकपेशी नेमकी कोणती, हे ठरविणे मात्र सोपे नव्हते. फ्रान्झ निस्ल यांना उपदंशामुळे वेड लागलेल्या रुग्णांच्या मेंदूत काठीसारख्या लांबट पेशी दिसल्या आणि त्यांनी १८९९ साली त्यांचे वर्णन केले. निस्ल यांचे मित्र आणि सहकारी आलोइस आल्झायमर यांनी नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्यूबिंगन येथे एका मध्यमवयीन स्त्रीच्या मेंदूचे निरीक्षण मांडले. मज्जापेशींत तंतूंचे गुंते आणि पेशींच्या दरम्यान एका विचित्र पदार्थाचे साठे, हे त्या मेंदूचे वैशिष्ट्य होते. आजच्या भाषेत बोलावयाचे तर साफ न झालेल्या मळाचे ते पहिले नीट केलेले वर्णन होय. आल्झायमर यांना मात्र तो रोगाचा परिणाम वाटला की कारण, हे शेवटपर्यंत अनिर्णीत राहिले.

अडचण रंजनाची होती. सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शक छेदात जे रंगत नाही ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते नसतेच असे मानण्याची प्रवृत्ती संशोधकातही असते. माद्रिद येथे रामोन ई काहाल यांनी १९१३ साली सुवर्णक्षाराची नवी पद्धत काढून तारकापेशी उत्तम रंगवून दाखविल्या. पण मज्जापेशी आणि तारकापेशी वगळता काही लहान पेशी उरत होत्या, ज्यांच्या शाखा काही केल्या रंगत नव्हत्या. काहाल यांनी त्यांना मेंदूतील ‘तिसरे घटकद्रव्य’ म्हटले आणि त्या शाखाहीन असाव्यात असा तर्क केला. त्यांच्याच प्रयोगशाळेतील पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी चांदीच्या कार्बोनेटची एक नाजूक पद्धत बसविली आणि १९१९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधांत दाखवून दिले की हे तिसरे द्रव्य एकजिनसी नाही. त्यात दोन निरनिराळ्या जाती आहेत, आणि त्यांपैकी एका जातीला, बारीक काटेरी शाखांच्या लहान पेशींना, त्यांनी ‘मायक्रोग्लिया’ हे नाव दिले.

रिओ-ओर्तेगा यांच्या निबंधांचे महत्त्व नावात नाही. त्यांनी केलेली विधाने आज शंभर वर्षांनी वाचली तर त्यांपैकी बहुतेक टिकून राहिलेली आढळतात. मेंदू निरोगी असताना या पेशी सर्वत्र समान अंतरावर पसरलेल्या असतात. इजा झाली की त्या शाखा आखडून घेतात, फुगतात, इजेच्या जागी सरकतात आणि मोडतोड गिळतात. आणि त्यांचा उगम मज्जापेशींच्या कुळातला नसून त्या बाहेरून मेंदूत शिरलेल्या आहेत, ही ती विधाने होत. मेलेल्या, स्थिर केलेल्या ऊतकाच्या छेदांवरून हालचालीचा असा अंदाज करणे ही असामान्य गोष्ट होती. त्यांनी केवळ पेशी पाहिली नाही. निरनिराळ्या वेळी मारलेल्या प्राण्यांचे छेद क्रमाने लावून पेशीचे चरित्र वाचले.

गुरु-शिष्यांतील संबंध मात्र बिघडले. रिओ-ओर्तेगा यांना १९२० साली काहाल यांची प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे कॅनडातील मज्जाशल्यशास्त्राचे प्रणेते म्हणून गाजलेले वायल्डर पेनफील्ड १९२४ साली ती रंजनपद्धती शिकण्यासाठी माद्रिदला त्यांच्याकडे गेले. स्पेनमधील यादवी युद्धानंतर रिओ-ओर्तेगा यांना देशत्याग करावा लागला आणि १९४५ साली ब्वेनोस आइरेस येथे त्यांचे निधन झाले. त्यांची पद्धत लहरी होती. निष्णात हाताशिवाय ती यशस्वी होत नसे. परिणामी पुढची काही दशके मायक्रोग्लिया ही खरोखरच स्वतंत्र जात आहे काय, याविषयीच अनेकांना शंका वाटत राहिली. एखादा शोध खोटा ठरल्यामुळे नव्हे, तर तो पुन्हा करून दाखविणे जड गेल्यामुळे विस्मृतीत जातो, याचा हा एक दाखला.

याच मधल्या काळात मुंबईचे कार्य येते, आणि ते वेगळ्या वाटेने येते. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचा लौकिक कर्करोगाच्या संशोधनासाठी आहे. परंतु कुष्ठरोगाच्या आरंभीच्या विकृतींचा त्यांनी केलेला सूक्ष्मदर्शकीय अभ्यास, जो १९५१ साली प्रसिद्ध झाला, तितकाच मोलाचा आहे. कुष्ठजंतूचे पहिले लक्ष्य त्वचा नसून त्वचेतील मज्जातंतू होत, या विचारावर त्यांनी भर दिला. त्यांच्या परंपरेतील चं. वि. बापट आणि डॉ. कमल रणदिवे यांनी खानोलकरांसमवेत १९५८ साली कुष्ठरुग्णापासून एक आम्लरोधी जंतू ऊतकसंवर्धनात वाढविल्याचे जाहीर केले. तो कुष्ठजंतूच आहे काय, याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला आणि तो येथे प्रस्तुत नाही. प्रस्तुत गोष्ट ही की या संशोधकांच्या डोळ्यांपुढे भक्षकपेशीचे जे चित्र रोज येत होते ते मेसिनाच्या तारामाशातील चित्राहून फार निराळे होते. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात भक्षकपेशी जंतूला गिळते खरी, पण पचवू शकत नाही. जंतू तिच्या पोटात सुखाने वाढतो. फिरखोंची कुष्ठपेशी म्हणजे कोठार झालेला पहारेकरी.

कुष्ठजंतू मज्जातंतूंना ग्रासतो, मेंदूला सहसा नाही. क्षयजंतूचे तसे नाही. क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहाने मुंबईच्या रुग्णालयांत लहान मुले मोठ्या संख्येने दगावत असत. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागातून, म्हणजे २०१४ साली स्वतंत्र जिल्हा झालेल्या पालघरच्या परिसरातून, अत्यवस्थ मुलाला घेऊन रेल्वेने मुंबई गाठणे हाच त्या काळी आईबापांपुढचा मार्ग असे. ग्रँट वैद्यक महाविद्यालय आणि जे. जे. रुग्णालय येथे बालरोगतज्ज्ञ डॉ. पी. एम. उदानी आणि मज्जाविकृतिशास्त्रज्ञ डॉ. दाराब दस्तूर यांनी या मुलांच्या आजाराचा खाटेपासून शवविच्छेदनापर्यंत एकत्रित अभ्यास केला. ज्या इमारतींच्या परिसरात हाफकिन यांनी लस बनविली तेथेच सत्तर वर्षांनी हे काम उभे राहिले.

त्यांच्या १९६६ आणि १९७० च्या निबंधांतील निष्कर्ष त्या वेळी अनपेक्षित होता. क्षयाने पीडित काही मुलांच्या मेंदूत आवरणदाह अत्यल्प होता किंवा मुळीच नव्हता. तरीही मेंदू सुजलेला होता आणि त्याच्या श्वेतद्रव्यातील मायलिनचा, म्हणजे मज्जातंतूवरील स्निग्ध आवरणाचा, ऱ्हास झालेला होता. जंतू जेथे नव्हता तेथे विध्वंस होता. या विकाराला त्यांनी ‘क्षयजन्य मस्तिष्कविकृती’ असे स्वतंत्र नाव दिले आणि त्याचे कारण क्षयजंतूच्या प्रथिनांविरुद्ध शरीराने दिलेल्या अतिरेकी प्रतिक्रियेत शोधले. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर येथे संरक्षणाची यंत्रणाच घराला आग लावीत होती. त्या यंत्रणेचा प्रत्येक दुवा तेव्हा ज्ञात नव्हता, आजही तो विकार पुरता उलगडलेला नाही. पण मेंदूचे नुकसान हे नेहमी आक्रमकाच्याच माथी मारता येत नाही, हा विचार त्या निबंधांत स्पष्ट आहे, आणि तो मुंबईत प्रामुख्याने गरिबांच्या मुलांवरून सुचलेला आहे.

दस्तूर यांच्या आधीच्या कार्याचाही येथे संबंध पोचतो. अमेरिकेतील बेथेस्डा येथे सेमूर केटी यांच्या गटासमवेत त्यांनी निरोगी वृद्धांच्या मेंदूतील रक्ताभिसरण मोजले. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, रक्तवाहिन्यांचा विकार नसलेल्या वृद्धांच्या मेंदूतील रक्तप्रवाह तरुणांच्या मानाने लक्षणीय कमी झालेला आढळला नाही. वार्धक्य म्हणजेच मेंदूचा ऱ्हास, हे समीकरण त्यामुळे डळमळले; ऱ्हास होतो तेव्हा वयाखेरीज दुसरे काही बिघडलेले असते. ते दुसरे काय, याची दोन उत्तरे पुढे आली, आणि ती पुन्हा मोरी आणि भक्षक हीच होती.

भक्षकाचे उत्तर १९८८ साली मिळू लागले. कॅनडातील मॅकगीर दांपत्य आणि त्यांचे सहकारी यांनी कंपवाताच्या आणि आल्झायमर रोगाच्या रुग्णांच्या मेंदूत उत्तेजित मायक्रोग्लियांचे थवे दाखविले. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबईच्या पारशी समाजातील कंपवाताची घरोघर केलेली पाहणी डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. १४,०१० व्यक्तींच्या या पाहणीत दर लक्ष लोकांमागे सुमारे ३२८ रुग्ण आढळले. या प्रमाणाचे एक कारण त्या समाजातील वृद्धांच्या मोठ्या संख्येत आहे. एका निबंधात पेशी मोजल्या होत्या, दुसऱ्यात माणसे. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय रोग कळत नाही.

जिवंत मेंदूत या पेशी काय करतात हे प्रत्यक्ष पाहण्यास मात्र २००५ साल उजाडावे लागले. जर्मनी आणि अमेरिका येथील दोन गटांनी उंदराच्या कवटीतून खास सूक्ष्मदर्शकाने पाहिले तेव्हा ‘स्वस्थ’ समजल्या जाणाऱ्या मायक्रोग्लियांच्या शाखा क्षणाक्षणाला लांबत, आखडत आणि आसपास चाचपत असल्याचे आढळले. विश्रांती घेणारी पेशी म्हणून जिची नोंद झाली होती ती अखंड गस्तीवर होती. २०१० साली गिन्हू आणि सहकाऱ्यांनी त्यांचा उगम गर्भाच्या पीतककोशात असल्याचे सिद्ध केले. त्या रक्तातून नंतर येणाऱ्या पेशी नव्हेत. गर्भावस्थेच्या आरंभीच मेंदूत येऊन स्थायिक झालेल्या रहिवाशी होत. पेशी बाहेरून येतात हे रिओ-ओर्तेगा यांचे म्हणणे खरे ठरले, केवळ त्यांनी सांगितलेल्या वेळेपेक्षा त्या फार आधी येतात. त्यांचे आयुष्य किती, हा प्रश्न तर अणुयुगाच्या एका अनिष्ट वारशाने सोडविला. १९५० ते १९६३ या काळातील वातावरणीय अणुस्फोटांमुळे हवेत वाढलेला किरणोत्सर्गी कार्बन पेशींच्या केंद्रकाम्लात साठतो. त्यावरून स्वीडनमधील संशोधकांनी २०१७ साली मानवी मायक्रोग्लियांचे सरासरी वय सुमारे ४.२ वर्षे काढले.

याच सुमारास असेही उघड झाले की वाढत्या मेंदूत मायक्रोग्लिया केवळ मळ खात नाहीत, तर मज्जापेशींमधील नको असलेले संधीही छाटतात. बागेतील माळ्यासारखे हे काम बालपणी आवश्यक असते. तीच छाटणी उतारवयात भलत्या वेळी पुन्हा सुरू होते, असे उंदरांवरील प्रयोगांवरून दिसते. मेच्निकॉव्ह यांची शंभर वर्षांपूर्वीची उपेक्षित शंका येथे, बऱ्याच बदललेल्या रूपात, परत आलेली आहे.

मोरीचे उत्तर याच्या समांतर वाढले. मस्तिष्क-मेरुद्रव मेंदूभोवती सुमारे दीडशे मिलिलिटर असतो आणि दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर नव्याने तयार होतो. म्हणजे तो दिवसातून तीनचार वेळा बदलतो. हा द्रव मेंदूच्या आतही झिरपतो असे काही जुन्या संशोधकांना वाटे. २०१२ साली रॉचेस्टर येथे मायकेन नेडरगार्ड यांच्या गटाने दाखविले की तो धमन्यांभोवतीच्या फटींतून आत शिरतो, पेशींमधील जागेतून वाहतो आणि शिरांच्या बाजूने मळासह बाहेर पडतो. या प्रवाहाच्या मार्गावर तारकापेशींची पावले रक्तवाहिन्यांना वेढून उभी असतात आणि त्या पावलांतील जलद्वारांवाचून प्रवाह मंदावतो. फिरखोंचे लुकण ते हेच. २०१३ साली त्याच गटाने निजलेल्या उंदराच्या मेंदूत पेशींमधील मोकळी जागा १४ टक्क्यांवरून २३ टक्क्यांपर्यंत वाढते असे जाहीर केले, आणि झोप म्हणजे मेंदू धुण्याची वेळ ही कल्पना वृत्तपत्रांतून सर्वत्र गेली. २०१५ साली व्हर्जिनिया आणि हेलसिंकी येथील संशोधकांनी मस्तिष्कावरणांत लसीकावाहिन्या असल्याचे सिद्ध केले. इटलीतील मास्काग्नी यांनी अशा वाहिन्यांचे वर्णन १७८७ सालीच केले होते. त्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता, एवढेच.

पण या उत्तराच्या लोकप्रियतेने त्याची परीक्षा संपलेली नाही. २०२४ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील एका गटाने निद्रा आणि भूल या दोन्ही अवस्थांत उंदराच्या मेंदूतील रंगद्रव्य बाहेर जाण्याचे प्रमाण वाढण्याऐवजी घटते असा नेमका उलट निष्कर्ष काढला. मोजण्याच्या पद्धतींतील फरकाकडे दोन्ही पक्ष बोट दाखवितात. विद्यार्थ्यांनी या वादाकडे रिओ-ओर्तेगा यांचा इतिहास स्मरून पाहणे श्रेयस्कर होईल. रंजनपद्धतीने जे एकदा घडले ते मापनपद्धतीने पुन्हा घडू शकते.

प्रश्न प्रयोगशाळेपुरता असता तर त्याला इतकी निकड आली नसती. आल्झायमर रोगात साचणारे अमिलॉइड हे प्रथिन हटवावे, या हेतूने पहिली लस माणसांवर वापरण्यात आली, परंतु २००२ साली ती चाचणी थांबवावी लागली, कारण लस दिलेल्या सुमारे ३०० रुग्णांपैकी १८ जणांना मेंदूचा व त्याच्या आवरणांचा दाह झाला. मळ हटविण्याची आज्ञा दिलेल्या यंत्रणेने घरावरच चाल केली होती. जे. जे. रुग्णालयातील मुलांचे निबंध वाचलेल्या कोणालाही हे सर्वस्वी अपरिचित वाटले नसते. पुढे २०१३ साली मायक्रोग्लियांच्या पृष्ठभागावरील ‘ट्रेम-२’ या ग्राहकाचा एक सदोष प्रकार असणाऱ्यांना आल्झायमर रोगाचा धोका बराच वाढतो असे आढळले, आणि मळ नीट न गिळणारी पेशी हीदेखील रोगाचे कारण होऊ शकते हे स्पष्ट झाले. म्हणजे भक्षक अति जागा झाला तरी अपाय, आणि सुस्त राहिला तरी अपाय.

२०२३ साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब हे प्रतिपिंड-औषध अमिलॉइडला खूण करते आणि ते उचलण्याचे काम मुख्यतः मायक्रोग्लियांवर सोपविते. १,७९५ रुग्णांच्या चाचणीत अठरा महिन्यांत बुद्धीची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली. त्याच वेळी औषध घेणाऱ्यांपैकी सुमारे १२.६ टक्के लोकांच्या मेंदूत सूज आढळली. लाभ खरा आहे, माफक आहे, आणि त्याची किंमतही खरी आहे. हे औषध म्हणजे भक्षकाला लगाम घालून कामाला लावण्याचा प्रयत्न होय, आणि लगाम किती घट्ट असावा हे अद्याप कोणास ठरविता आलेले नाही.

क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहाच्या बाबतीत हा लगाम आधीपासून वापरात आहे. व्हिएतनाममध्ये ५४५ रुग्णांवर केलेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्षयविरोधी औषधांच्या जोडीला डेक्सामिथॅसोन दिल्याने मृत्यू कमी झाले; म्हणजे जंतू मारण्याबरोबर शरीराची प्रतिक्रिया दाबणेही आवश्यक ठरले. मात्र वाचलेल्या रुग्णांतील गंभीर अपंगत्व त्याने घटले नाही. बी. सी. जी. लसीने लहान मुलांतील या रोगाला पुष्कळ आळा घातला आहे. तरीही कुपोषण आणि क्षय जेथे एकत्र नांदतात तेथे, पालघरच्या डोंगराळ तालुक्यांसारख्या भागांत, या रोगाची शंका वेळीच येणे हेच उपचाराचे अर्धे काम आहे.

उरलेला प्रश्न पुराव्याचा आहे. वर सांगितलेली बहुतेक चित्रे उंदरांची आहेत, किंवा युरोप-अमेरिकेतील वृद्धांच्या मेंदूंची. ज्या मेंदूने बालपणी कुपोषण, हिवताप किंवा क्षय पाहिला आहे त्यातील मायक्रोग्लिया साठाव्या वर्षी कशा वागतात, हे त्या चित्रांवरून सांगता येत नाही. दस्तूर आणि उदानी यांना ते काम करता आले, कारण शवविच्छेदन तेव्हा रुग्णालयाच्या नित्यक्रमाचा भाग होते. आज ते वैद्यकीय कारणासाठी क्वचितच होते. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेत १९९५ साली मानवी मेंदूंचे ऊतकभांडार स्थापन झाले आणि दानातून मिळालेले मेंदू तेथे जतन केले जातात. पश्चिम किनाऱ्यावरील लोकसमूहांतील वृद्धांचे मेंदू तशा संग्रहांत पुरेशा संख्येने आल्याखेरीज मुंबईत १९६६ साली सुरू झालेली ती चौकशी पुढे सरकणे कठीण आहे.